ग्रुपिंग जमायला लागलंय!

आज धनुर्विद्येच्या सरावात माझा एकही बाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात गेला नाही आणि तरी मी जाम खुश आहे. सगळे निळ्यात, डावीकडे खाली, पण तळहाताने झाकले जातील इतके जवळजवळ. सर म्हणाले, "रंग नको बघू, ग्रुप बघ." विखुरलेल्या बाणांमधला एखादा अगदी मधल्या, दहा गुणांच्या रिंगमध्ये घुसला तर तो नशिबाचा असतो, पण सगळे एका जागी गेले म्हणजे दर वेळी हात, खांदा, हनुवटी सगळं सेम झालं. मग फक्त साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, सरकवायची, तीही बाण जिकडे जातायत तिकडेच! डावीकडे जात असतील तर साइट पण डावीकडे. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच असतं.

धनुर्विद्या शिकायची हे डोक्यात कधीपासून होतं. पहिल्याच दिवशी सरांनी दोन्ही हातांचा त्रिकोण करून त्यातून लांबची एक वस्तू बघायला लावली आणि मग एकेक डोळा मिटायला सांगितला, तर माझा डावा डोळा डॉमिनंट निघाला. लिहिते मी उजव्या हाताने, पण आता धनुष्य उजव्या हातात आणि दोरी डाव्या हाताने ओढायची. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं, आता दुसरी कुठली पद्धत सुचतच नाही.

मला सगळ्यात आवडतो तो अँकर, म्हणजे ओढलेला हात चेहऱ्याशी टेकवायची ठरलेली जागा. दोरी ओढून आणायची, तर्जनी जबड्याच्या हाडाखाली घट्ट बसते, दोरी हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला टेकते, आणि मग तिथे थांबायचं. ती जागा दर वेळी तीच हवी, जरा हलली तरी लांबच्या टार्गेटवर केवढा फरक पडतो. आणि ओढायचं दंडाने नाही, पाठीने! खांद्याची पाती मणक्याकडे खेचली जातात तो फील एकदा आला की हात थरथरायचा कमी होतो. आणि सोडायचं म्हणजे बोटं मुद्दाम उघडायची नाहीत, नुसती सैल करायची, दोरी आपली आपण निसटते आणि हात मानेला घासत मागे जातो. हे ज्या वेळी नीट जमतं ना, त्या वेळी बाण लागायच्या आधीच कळतं.

स्लो मोशन व्हिडिओ पण बघितला आज. बाण सरळ जात नाही, सुटताना चक्क वाकतो, धनुष्याला वळसा घालून जातो आणि लहरत लहरत सरळ होतो. म्हणून बाण किती कडक आहे ते धनुष्याच्या ताकदीशी जुळावं लागतं, त्याला स्पाइन म्हणतात. एवढीशी काडी, पण केवढा विचार आहे तिच्यात!

ऑलिम्पिकमध्ये 70 मीटरवरून मारतात, टार्गेट 122 सेंटीमीटरचं आणि दहाची रिंग फक्त 12.2 ची. आणि आपला तिरंदाज ओजस देवतळे, 2023 ला बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये त्याने 150 पैकी 150 मारले, कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य), 50 मीटर, पंधराच्या पंधरा बाण दहात. आधी हे वाचलं असतं तर नुसतं भारी म्हणून पुढे गेले असते, आता मात्र अंगावर काटा आला, कारण एक अँकर दोनदा सारखा आणायला काय लागतं ते माहितीये.

स्वतःचं धनुष्य घ्यायची घाई नाहीये. आत्ता हलकंच बरं, ताकद वाढेल तसे जास्त पाउंडाचे, म्हणजे ओढायला जड, लिंब्ज (धनुष्याच्या वरखालच्या वाकणाऱ्या पट्ट्या) लागणार, जड घेऊन बसलं की फॉर्म बिघडतो आणि खांदा दुखतो तो वेगळाच. बोटांचा टॅब, म्हणजे दोरी ओढताना बोटांवर घालायचा कातड्याचा तुकडा, मात्र स्वतःचाच घेणार, क्लबमधला माझ्या बोटांना मोठा होतो, त्यामुळे दोरीवरून कातडं नीट सरकत नाही आणि दोरी सोडताना अडखळायला होतं. उद्या बोटांचं माप घेते.