फाटकावर मी होते

“बाई, तुम्ही गणवेशाच्या बाजूच्या की हिजाबच्या?” तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नकार्यात, बसमध्ये, जुने विद्यार्थी भेटले की हेच विचारतात, आणि सगळ्यांना उत्तर एका शब्दात हवं असतं.

गणवेश मला मनापासून हवा आहे. लहानपणी माझ्याकडे धड असे दोनच फ्रॉक होते, आणि ते वर्गात कुणाला कधी कळलं नाही ते गणवेशामुळेच. म्हणून नियमाला सरसकट जुलूम म्हटलं की मला आजही राग येतो.

पण त्या सकाळी फाटकावर मी होते. नववीतली मुलगी. स्कार्फ गणवेशाच्याच रंगाचा, आईने मुद्दाम त्याच कापडातून शिवलेला. वरून सूचना आली होती की आजपासून डोक्यावर काही नको. मी म्हटलं, “काढ आणि आत जा.” ती म्हणाली, “बाई, कालपर्यंत चालत होतं ना?” मी घड्याळाकडे बोट दाखवलं. मागे रांग खोळंबली होती. तिने एकेक पिन काढून ओठांत धरली, स्कार्फची चौकोनी घडी घातली, दप्तरात ठेवली. मग दोन्ही हात केसांवर ठेवून, मान खाली घालून तिने सगळं पटांगण ओलांडलं. मला ते दिसत होतं. मी पुढच्या मुलीचे बूट तपासायला घेतले.

त्याच रांगेत कपाळाला गंध लावलेली मुलं होती, मनगटांवर धागे होते. माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं. तेव्हाची मी म्हणते, ‘ते कुठे डोळ्यांवर येतं?’ कुणाच्या डोळ्यांवर, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

आठवड्याने वडील दाखला न्यायला आले. भांडले नाहीत. नोंदी मीच भरल्या. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात मी लिहिलं: पालकांची विनंती.

नियम मी केला नव्हता, हे मी अजूनही म्हणते. आणि शहाण्यांचंही कुठे जमलंय? मार्च २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हिजाब ही अत्यावश्यक धार्मिक प्रथा नाही असं म्हणून बंदी कायम केली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. हेमंत गुप्ता आणि न्या. सुधांशु धुलिया यांची मतं जुळली नाहीत. गुप्तांना बंदी योग्य वाटली. धुलियांनी मुलींचं शिक्षण आधी धरून ती चुकीची ठरवली. उलट, डर्बनच्या शाळेत एका हिंदू मुलीला नाकात चमकी घालायची होती. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं की धर्माने सक्ती केली नसली, तरी स्वखुशीने पाळलेल्या प्रथेलाही संरक्षण आहे. हे मला पटतं. चमकी आपल्या घरातली, म्हणून तर लगेच पटत नाही ना, अशी शंकाही येते.

आता दुसरी मुलगी, जिच्याबद्दल मला कुणी विचारत नाही. ती दोन वर्षांनी आली. रोज फाटकाबाहेरच स्कार्फ काढायची, वेण्या पुढे घ्यायची, आणि मधल्या सुट्टीत खो-खो खेळायची. एकदा हळूच म्हणाली, “बाई, मला काढायला आवडतं हे घरी सांगू नका हं. शाळेत चालत नाही, एवढंच सांगते मी.”

आज फाटकावर असते, तर पहिलीला स्कार्फसकट आत सोडलं असतं. पण मग दुसरीने घरी काय सांगितलं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही.