पदवी हातात आली, आता पुढे काय? माझी शोधाशोध

'या पदवीवर कुठली नोकरी मिळते?' असं विचारलं की उत्तरात पदनामं मिळतात, आणि पदनामावरून काम कळत नाही. 'अ‍ॅनालिस्ट' म्हणून घेतलेला माणूस एके ठिकाणी दिवसभर आकडेमोड करतो, दुसरीकडे ग्राहकांशी बोलतो, तिसरीकडे अहवाल लिहितो. म्हणून मी शोध कामापासून सुरू केला.

आधी अभ्यासक्रम पुन्हा उघडला आणि प्रत्येक विषयासमोर काय करता येतं ते लिहिलं. नुसतं 'संख्याशास्त्र' नाही, तर 'विस्कळीत माहिती साफ करता येते, योग्य नमुना निवडता येतो'. शेजारी पुरावा: प्रकल्प, प्रात्यक्षिक, प्रबंध. पुरावा नसेल ती नोंद वेगळ्या रकान्यात. जे जमतं पण करताना कंटाळा येतो, त्यावरही खूण केली. ही खूण पुढे फार उपयोगी पडली.

कल चाचणीला मी अर्धा तासच दिला. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी 1959 मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून आलेले सहा कल अनेक चाचण्यांच्या मुळाशी आहेत. अमेरिकेच्या श्रम विभागाच्या ओ-नेट या व्यवसायमाहितीच्या संकेतस्थळावरची 60 प्रश्नांची चाचणीही त्यावरच बेतलेली असून ती मोफत आहे. ती आवड सांगते, कुवत नाही. परीक्षेतले गुण समजून तिचा निकाल वाचला की फसगत होते.

त्यापेक्षा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं व्यवसाय वर्गीकरण, म्हणजे इस्को-08, जास्त कामाला आलं. त्यात 436 व्यवसायगट आहेत आणि प्रत्येकाखाली त्यातली कामं दिलेली आहेत. ओळखीचा एक गट शोधायचा आणि त्याच्या आजूबाजूचे वाचायचे. कधी ऐकलेही नव्हते असे व्यवसाय तिथेच सापडतात.

मग जाहिराती. पदनामाऐवजी काम किंवा साधन टाकून शोधलं आणि 30 जाहिराती तक्त्यात उतरवल्या: रोजची कामं, अनिवार्य अटी, 'असल्यास प्राधान्य' अटी, अनुभव. मजकूर पूर्ण उतरवून ठेवावा, कारण मुदत संपली की जाहिरात बहुधा काढून टाकतात. एकच जागा तीन एजन्सींनी टाकलेली असते. ती तीनदा मोजली तर मागणी उगाच मोठी दिसते. 'प्राधान्य' वाचून मागे हटू नये, 'अनिवार्य' मात्र दोनदा वाचावं. वैद्यकीय, वकिली, वास्तुरचना अशा बहुतेक ठिकाणी परवाना लागणाऱ्या क्षेत्रांत नुसती पदवी पुरत नाही. तिथे नियामक संस्थेचे नियम सगळ्यात आधी बघावेत, नाहीतर महिनाभराची मेहनत एका अटीवर अडते. पुढच्या शिक्षणाचंही असंच: तक्त्यात ती पदवी 'अनिवार्य' म्हणून वारंवार येत असेल तरच प्रवेश घ्यावा. निर्णय लांबवण्यासाठी घेतलेली दोन वर्षं महागात पडतात, असं माझं ठाम मत आहे.

खरी माहिती मिळाली ती माणसांकडून. त्या कामात तीन ते पाच वर्षं झालेली माणसं निवडली. त्यांना सुरुवातही आठवते आणि पुढचंही थोडं दिसू लागलेलं असतं. पाच ओळींचा निरोप, 20 मिनिटांची विनंती, आणि नोकरी मागायची नाही. मागितली की समोरचा सावध होतो. 'काम कसं आहे?' याला 'छान आहे' एवढंच उत्तर येतं, म्हणून 'गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत?' असं विचारलं. मग 'लोक हे काम सोडून कुठे जातात?' आणि शेवटी 'आणखी कोणाशी बोलू?' ओळखीच्या ओळखीतलं माणूस टाळू नये. नोकरीची खबर अशा विरळ ओळखींतून कशी येते, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्येच दाखवलं होतं. जवळची माणसं बहुतेक तेच सांगतात जे आपल्याला आधीच ठाऊक असतं.

या सगळ्या चाळणीनंतर करिअरच्या तीन वाटा उरल्या. त्यांसाठी प्रत्येकी दोन शनिवार-रविवार राखून जाहिरातीतलं एक काम घरी करून पाहिलं: खुल्या आकडेवारीवर चार पानी अहवाल, 1,500 शब्दांच्या लेखाचं संपादन, एका विषयाचा तासाभराचा पाठ. काम झाल्यावर जाणकाराला दाखवून चुका विचारल्या. त्या दुरुस्त करत बसावंसं वाटलं की नाही, याचीही नोंद केली.

बाद केलेल्या वाटेसमोर एका ओळीत कारण लिहिलं. 'परवान्याला दोन वर्षं लागतील' असं कारण असेल तर ती वाट सहा महिन्यांनी पुन्हा तपासायची. 'दिवसभर फोनवर बोलावं लागतं, ते नको' असं असेल तर तिच्याकडे परत जायचं नाही.