म्युनिकमध्ये ईझारच्या काठाने

म्युनिकला भाचीकडे राहायला गेले होते. राजवाडा, मारिएनप्लात्झचं बाहुल्यांचं घड्याळ, नॉयश्वानस्टाइनचा किल्ला हे सगळं तिने हौसेने दाखवलं. किल्ल्यावर इतकी गर्दी होती की खोल्यांपेक्षा पुढच्या माणसांच्या पाठीच जास्त पाहिल्या. आज लिहायला बसले आहे ते मात्र ईझार नदीसाठी आणि तिच्या काठाने संथपणे हाकलेल्या सायकलीसाठी.

सायकल भाचीच्या शेजारच्या आजींची. त्यांच्या इमारतीच्या तळघरात सायकलींची एक खोलीच आहे, तिथून ती वर आणली. मध्ये दांडा नसलेली, पुढे टोपली असलेली, जड पण भक्कम. तिचा मागचा ब्रेक पायडलमध्येच होता. उलटं पायडल मारलं की चाक थांबतं. आपल्याकडे उतारावर सायकल सोडून देऊन उगाच उलटं पायडल फिरवायची सवय असते, ती इथे मोडावी लागते. इमारतीच्या अंगणात भाचीने मला चार चकरा मारायला लावल्या, मगच रस्त्यावर येऊ दिलं. "मावशी, लाल पट्टी आपली. पण उजव्या बाजूने जाते तीच आपली. समोरून येणाऱ्याच्या पट्टीवर गेलीस तर लोक ओरडतील, आणि पोलीस असला तर दंड."

आधी उत्तरेला, इंग्लिश गार्डनमध्ये गेलो. नावाला बाग, पण जवळजवळ ३७५ हेक्टरचं रान आहे ते. १७८९ साली ही बाग सामान्य लोकांसाठी करायची असं ठरलं. कल्पना बेंजामिन थॉम्प्सनची, म्हणजे काउंट रमफर्डची. याच म्युनिकच्या शस्त्रागारात तोफेच्या नळ्या कोरताना पाणी उकळतं हे पाहून, घर्षणातून उष्णता निर्माण होते असं त्याने दाखवून दिलं. शाळेत शिकलेल्या धड्यातला माणूस असा बागेत भेटला याचा मला फार आनंद झाला. चिनी मनोऱ्याखालच्या बिअर गार्डनमध्ये चेस्टनटच्या सावलीला बाकं मांडलेली आहेत. तिथली जुनी रीत अशी, की पेय तिथलं घ्यायचं, खाणं घरून आणलं तरी चालतं. भाचीने डबा उघडला. दशम्या, लसणाची चटणी, काकडीच्या फोडी. मनोऱ्यात बँड वाजत होता आणि शेजारच्या कुटुंबाने घरून आणलेला मुळा किसून पावाबरोबर खायला घेतला होता. डब्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. पाहुणचाराच्या माझ्या कल्पनेत हे अगदी वर बसतं. आपला डबा उघडताना संकोच वाटू नये, इतकी मोकळीक यजमान शहराने द्यावी.

नदी मात्र खरी भेटली ती दक्षिणेला. रायखेनबाख पुलापासून प्रवाहाच्या उलट दिशेला निघालो. वर बांधावरून झाडीतली वाट, कुठे डांबरी, कुठे बारीक खडी दाबून केलेली. तिच्याखाली गवताचा उतार, त्याखाली पांढरे गोटे आणि मग पाणी. आल्प्समधल्या चुनखडीतून येणारं, हिरवट निळं, तळाचा दगड न् दगड दिसावा असं. संध्याकाळी पाचनंतर या वाटेवर कामावरून घरी जाणाऱ्यांची झुंबड असते. ते वेगात येतात, घंटी वाजवतात आणि संथ चालवणाऱ्याला कडेला दाबतात. हे मला अजिबात आवडलं नाही. नदीकाठी येऊन एवढी घाई कशाला करायची? म्हणून आम्ही दुपारीच निघायचो आणि वाटेल तिथे सायकली गवतावर आडव्या टाकून खाली उतरायचो.

असंच विटेल्सबाखर पुलाच्या थोडं वर उतरलो होतो. गोट्यांच्या पट्ट्यावर एक वयस्क गृहस्थ खुर्ची टाकून, पाय पाण्यात सोडून वर्तमानपत्र वाचत बसले होते. पायांशी त्यांनी दगडांचं एक छोटं आळं केलं होतं आणि त्यात बिअरच्या दोन बाटल्या पाण्यात गार व्हायला ठेवल्या होत्या. मीही चपला काढून पाय पाण्यात घातले आणि थंडीने लगेच बाहेर काढले. ते हसले. जुलैतही पाणी असंच असतं, हळूहळू सवय होते, म्हणाले. भाची मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होती.

त्यांचं बालपण याच भागातलं. तेव्हा इथे गोटे नव्हतेच. नदी दोन्ही बाजूंनी दगडी बांधकामात सरळ जखडलेली होती. काठाला आखीव गवत आणि उतरायची सोय नाही. वर बसून नुसतं पाहायचं. बरंचसं पाणी शेजारच्या कालव्यातून वीजकेंद्रांकडे जायचं आणि पात्रात जेमतेम उरायचं. मग १९९५च्या सुमारास राज्य आणि शहर यांनी मिळून ठरवलं, की नदीला पुन्हा नदी होऊ द्यायची. २००० साली काम सुरू झालं, २०११ला संपलं. ग्रोसहेसेलोहेच्या बंधाऱ्यापासून डॉइचेस म्युझियम या संग्रहालयाच्या बेटापर्यंत आठ किलोमीटर. खर्च साधारण साडेतीन कोटी युरो. काठाची दगडी बांधणी उखडली. जिथे जागा होती तिथे पन्नासेक मीटरचं पात्र नव्वदपर्यंत रुंद केलं. सरळ उभ्या पायऱ्यांसारखे बंधारे काढून तिथे मोठ्या दगडांचे पसरट उतार केले, म्हणजे माशांना वर चढता यावं. नदीने भलतीकडे घुसू नये म्हणून जमिनीखाली दगडांच्या रांगा पुरल्या, पण त्या वरून दिसत नाहीत. पूरसंरक्षक बांध भक्कम केले, तेही शक्य तितकी जुनी झाडं राखून. वरच्या गावांचं सांडपाणी शुद्ध करून सोडतात आणि उन्हाळ्यात त्यातले जंतू अतिनील किरणांनी मारतात. म्हणून पोरं या पाण्यात डुंबतात. यातलं बरंचसं त्या गृहस्थांनी बोटांनी गोट्यांत रेघा ओढून समजावलं. काही मी घरी आल्यावर वाचलं.

सुरुवातीला त्यांचा स्वतःचा या कामाला विरोध होता. झाडं जातील, पुराचं पाणी घरात येईल अशी भीती. मग त्यांनी समोर, पाण्यापलीकडे बोट दाखवलं. "मागच्या वर्षी मी तिथे बसायचो. छान सपाट जागा होती. वसंतात पूर आला आणि ती जागा नदी घेऊन गेली. ही नवीन जागा तिने यंदा आणून दिली." एवढं बोलून त्यांनी एक बाटली काढून भाचीपुढे धरली.

आपली बसायची जागा पुराने नेली हे सांगताना त्या माणसाचा चेहरा फुलला होता. मी तो चेहरा विसरू शकत नाही. मी पुण्याची. आमच्या घरात पूर हा शब्द १२ जुलै १९६१पासून दबक्या आवाजात उच्चारला जातो. आईने पानशेतचं पाणी शनिवार पेठेत शिरताना पाहिलं आहे. नदी काहीतरी नेते आणि दुसरीकडे काहीतरी ठेवते, आणि त्यात तिचं चुकत काही नाही, हे मला कुणी असं नदीत पाय सोडून आजवर सांगितलं नव्हतं. अर्थात पानशेतला धरण फुटलं होतं, तो नदीचा पूर नव्हताच. पण त्यानंतर आपण नदीकडे पाहायला लागलो ते भिंतीवरूनच.

खडकवासल्याचं पाणी कालव्यांनी आणि नळांनी निघून जातं. पावसाळा सोडला तर मुठेत उरतं ते आपलंच सांडपाणी. ईझारच्या काठी पूर्वी नेमकं हेच दुखणं होतं, पाणी कालव्यात आणि पात्र रिकामं. त्यांनी वीजकेंद्राकडून नदीसाठी जास्त पाणी सोडवून घेतलं. आपल्याकडे मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचं सुशोभीकरण चाललंय. त्यात सायकलींसाठी वाट आहे, ते मला हवंच आहे. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात मी कॉलेजला रोज सायकलने गेले आहे आणि आज लकडी पुलावरून सायकल घालायला मला भीती वाटते. पण ती वाट बांधीव काठावरून जाणार असेल आणि त्या काठासाठी भराव घालून पात्र आवळणार असतील, तर ती मला नको. म्युनिकने कोट्यवधी युरो मोजून जे उखडलं, ते आपण पैसे मोजून बांधतो आहोत. मला याचा मनापासून राग येतो, आणि तो इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्या गृहस्थांचा निरोप घेऊन पुढे निघालो. फ्लाउखरचा लाकडी पादचारी पूल, त्याच्या दोन्ही अंगांना गोट्यांची बेटं आणि संध्याकाळी तिथे पेटणाऱ्या शेगड्यांचा धूर. धूर इतका, की पुलावर डोळे चुरचुरले. काहींनी बाटल्या तशाच टाकलेल्या होत्या. तिथेही सगळं आलबेल नाही. एक आजोबा काठी आणि पिशवी घेऊन त्या गोळा करत होते. बाटलीमागे काही सेंट परत मिळतात. पुढे टालकिर्खेनला लाकडी ओंडक्यांचे तराफे लागतात. वरच्या वोल्फ्राट्सहाउझेनहून ते बँड, बिअर आणि माणसं घेऊन पाण्यातून येतात. मग हेलाब्रुनचं प्राणिसंग्रहालय, आणि शेवटी झाडीवर उंच दिसणारा ग्रोसहेसेलोहेचा रेल्वेपूल. तिथवरचा चढ मला दमवून गेला. वर पोचल्यावर भाचीने उरलेली दशमी काढली. परतताना उताराला लागलो आणि पायडलमधल्या ब्रेकशी माझं पूर्ण जमलं.

पुण्यात परत आल्यावर आमच्या सकाळच्या सायकलवाल्या मैत्रिणींना फोटो दाखवले. त्यातल्या एकीने विचारलं, राजाराम पुलापासून संगमापर्यंत नदी धरून जाता येतं का? सलग नाही येत. डीपी रस्त्याने म्हात्रे पूल, मग नदीपात्रातला रस्ता, भिडे पुलाशी पाणी असेल तर वळसा, आणि पुढे पेठांतून गल्लीबोळ. तरी येत्या रविवारी सकाळी सहाला राजाराम पुलाशी आम्ही जमतो आहोत. कुठे उतरून पाण्यापर्यंत जाता येतं, कुठे भराव पडला आहे, कुठे नाला सुटतो, ते वहीत टिपून ठेवायचं ठरलं आहे. ज्यांच्याकडे सायकल आहे त्यांनी या. गिअरची गरज नाही, रस्ता सपाट आहे. नाकाला बांधायला रुमाल मात्र आणा.