शेवटचा कॉलम

दाव्याच्या एका नियमातली मर्यादा पाच हजारांची दहा हजार करायची होती, फाइलमध्ये ती लाख झाली. टाइप करताना एक शून्य जास्त पडलं असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं. नियम लिहिणाऱ्या बाई मात्र ठाम होत्या. "मॅडम, मी आकड्याला हातच लावलेला नाही. पिवळा दिवा आला, त्यावर क्लिक केलं आणि सेव्ह केलं." पिवळा दिवा म्हणजे व्हीएस कोड या एडिटरमधली क्विक फिक्सची, म्हणजे एका क्लिकमध्ये होणाऱ्या दुरुस्तीची खूण. त्यामागचं टूलिंग आमच्या टीमकडे आहे.

दाव्यांचे नियम लिहायला आमच्याकडे ऑफिसातच घडवलेली एक छोटी भाषा आहे. तिचा पार्सर, म्हणजे लिहिलेला नियम वाचून त्याची फोड करणारा प्रोग्रॅम, जुना, पण भरवशाचा. तो कॉलम, म्हणजे ओळीतलं कितवं अक्षर, एकपासून मोजतो आणि शेवटचा कॉलम धरून सांगतो. एडिटर ज्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलवर (भाषेच्या टूलशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीवर) चालतो, तो शून्यापासून मोजतो आणि शेवट वगळून सांगतो. दोघांच्या मधे एका मोजणीचे आकडे दुसरीत बदलणारा आमचा कन्व्हर्टर आहे, मोजून चार ओळींचा.

त्या ओळीत 5000 हा आकडा कॉलम 15 ते 18 मध्ये होता. सुरुवात सोपी आहे, एक वजा करून 14. शेवटाला मात्र दोन दुरुस्त्या लागतात. शून्यापासून मोजायचं म्हणून एक वजा, शेवट वगळायचा म्हणून एक अधिक. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि 18 चे 18च राहतात. म्हणजे बरोबर कोड दिसतो असा: सुरुवातीतून एक वजा, शेवट जसाच्या तसा. बघणाऱ्याला वाटतं, इथे एक वजा करायचं राहून गेलंय. टीममधल्या एका मुलाला तसंच वाटलं. त्यानं शेवटातूनही एक वजा केला आणि रिव्ह्यू करणाऱ्यानं तो बदल बघताबघता मंजूर केला. एडिटर आता 14 ते 17 एवढाच तुकडा बदलायला लागला, म्हणजे फक्त 500. त्या जागी 10000 आलं, जुनं शून्य मागे उरलं, झाले 100000. नियम नीट कंपाइल होत होता, म्हणजे यंत्राला त्यात काही चूक दिसत नव्हती.

त्या मुलाचा मला राग नाही, कोड खरंच चुकीचा दिसत होता. राग आहे तो पार्सर ज्यात शेवटचा कॉलम देतो त्या फील्डवर. नाव नुसतं 'एंड', धरून की वगळून याबद्दल कुठे एक ओळ नाही. आणि आमच्या टेस्टिंगवरही आहे. चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ येते ना, एवढंच आम्ही डोळ्यांनी बघत होतो. रेघ एक अक्षर आखूड पडली तर कोणाला कळणार?

लाखाचा उलगडा झाल्यावर मी बाकीचे क्विक फिक्स एकेक करून चालवायला घेतले. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला असेल तर तो घालणारा फिक्स आला तेव्हा मी थबकले. इथे बदलायचं काहीच नसतं, नुसती घालण्याची जागा सांगायची असते, म्हणजे सुरुवात ते शेवट यात एकही अक्षर नसलेली, रिकामी रेंज. दोन्ही टोकं धरणाऱ्या पद्धतीत रिकामी रेंज लिहायची तर शेवट सुरुवातीच्या एक आधी न्यावा लागतो: 19 ते 18. जुना कन्व्हर्टर त्याचं बरोबर 18 ते 18 करत होता. नव्यानं केलं 18 ते 17. व्हीएस कोडला शेवट सुरुवातीच्या आधी मिळाला तर तो दोन्ही टोकांची अदलाबदल करतो, तक्रार करत नाही. त्यामुळे 2000 मधलं शेवटचं शून्य खाऊन त्या जागी अर्धविराम बसला. राहिले 200. एकाच चुकीनं एक आकडा दसपट झाला आणि दुसरा दशांश.

संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रानं 1982 साली लिहिलेल्या टिपणात नेमकी हीच अडचण मांडली आहे: वरचं टोक धरून लिहिलं की रिकामी रेंज विद्रूप होते. खालचं टोक धरा, वरचं सोडा, म्हणजे वजाबाकी केली की थेट लांबी मिळते. हे सगळं कॉलेजात शिकून आलेली माणसं आमच्याकडे आहेत. तरी पायथन भाषेतलं रँडिंट हे फंक्शन वरचं टोक धरतं, तिचंच रेंज ते सोडतं आणि डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतलं बिट्वीन दोन्ही टोकं धरतं, हे रोज वापरणाऱ्यांनाही दरवेळी तपासून बघावं लागतं. नुसतं ज्ञान असून इथे भागत नाही. म्हणून मी कोडमध्ये दोन वेगळे डेटा टाइप करायला लावले, एक पार्सरच्या रेंजचा आणि एक एडिटरच्या. एकाच्या जागी दुसरा दिला तर प्रोग्रॅम बिल्डच होत नाही. टेस्टही आता फिक्स लावल्यानंतरची पूर्ण ओळ तपासतात. चार ओळींसाठी एवढा पसारा कशाला, असं एक वरिष्ठ म्हणाले. मला ते अजिबात पटलेलं नाही.

कन्व्हर्टर त्याच दिवशी पूर्ववत झाला. त्या काळात सेव्ह झालेल्या फाइली मात्र तशाच आहेत. दसपट झालेले आकडे गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या बदलांच्या नोंदीत, जुन्या ओळीशी ताडून सापडतात. दशांश झालेल्यांचं तसं नाही. अर्धविराम बहुतेक नव्यानं लिहिलेल्या ओळीत राहतो, तिथे ताडायला जुना आकडा नसतोच. 200 हे खरंच 200 आहेत की 2000 होते, हे फक्त लिहिणाऱ्याला आणि मूळ परिपत्रकाला माहीत. त्या बाई आणि मी सध्या परिपत्रकं काढून एकेक नियम जुळवत बसलो आहोत.