एक्सोसोमची कुपी घेण्याआधी

रावेर-सावद्याच्या केळीपट्ट्यात 20-25 किलोचा घड खांद्यावरूनच बागेबाहेर निघतो. घड वर घेताना खांद्याच्या माथ्यावरच्या सुप्रास्पायनेटस स्नायूच्या टेंडनवर ताण येतो. रोज तेच झालं की ते झिजतं, कधी फाटतं. ‘शीर चढली’ म्हणून मालीश होते, पण ती शीर नसते. स्नायूला हाडाशी बांधणारी ती कोलॅजन या चिवट प्रथिनाची दोरी, म्हणजे टेंडन, असते. तिच्या दुरुस्तीसाठी एक्सोसोमची कुपी कुणी सुचवली, तर आधी एवढं वाचा.

या दोरीत पेशी थोड्या आणि रक्तपुरवठा तोकडा. त्यामुळे फाटलेली जागा आधी तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनने भरते. पहिल्या प्रकाराचे सरळ, घट्ट पीळ नंतर हळूहळू येतात आणि पहिल्यासारखे कधीच येत नाहीत. राहतो तो व्रण, आणि तो पुन्हा फाटू शकतो.

एक्सोसोमवर आशा आहे ती इथे. पेशी 30 ते 150 नॅनोमीटरची पुडकी बाहेर सोडतात, तेच एक्सोसोम. त्यांत प्रथिनं आणि सूक्ष्म आरएनए (दुसऱ्या पेशींना सूचना देणारे रेणू) असतात. मूळपेशींची पुडकी जखमेतल्या मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशींना दाह वाढवण्याकडून दुरुस्तीकडे वळवतात. उंदीर आणि सशांवरच्या प्रयोगांत दाह कमी झाला, आसपासच्या ऊतीला चिकटणं घटलं, जोड जास्त ताण सोसू लागला. माणसांतल्या मोठ्या, नीट तुलना केलेल्या चाचण्यांनी हे अजून सिद्ध झालेलं नाही.

खरी गोम मात्र कुपीत आहे. पेशी वाढवलेल्या द्रवातून एक्सोसोम काढायची जुनी रीत अशी: आधी सेंट्रिफ्यूज यंत्रात 300 जीवर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) 10 मिनिटं फिरवून पेशी काढायच्या, मग 2,000 जीवर 10 मिनिटं मेलेल्या पेशी, 10,000 जीवर 30 मिनिटं मोठा कचरा. शेवटी 4 अंशांवर, 1,00,000 जीवर साधारण 70 मिनिटं. एवढं करून तळाशी जो गोळा बसतो तो बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून नळीच्या ज्या बाजूला तो बसणार तिथे आधीच मार्करने खूण करतात. खूण विसरली की वरचं पाणी ओतताना मालही जातो. मग फॉस्फेट बफरने, म्हणजे क्षारांच्या पाण्याने, धुऊन पुन्हा तेवढंच फिरवायचं.

यात दोन ठिकाणी घोळ होतो. पेशी वाढवायला घातलेल्या गायीच्या सीरममध्ये (रक्तातून वेगळ्या केलेल्या द्रवात) स्वतःचे एक्सोसोम असतात. ते आधी काढले नाहीत तर गायीचाच माल मोजला जातो. दुसरं, सीरममधली प्रथिनंही सोबत खाली बसतात, म्हणून नुसत्या प्रथिनांच्या मायक्रोग्रॅमवर ठरवलेला डोस फसवा. सीडी9, सीडी63, सीडी81 ही एक्सोसोमची ओळख पटवणारी प्रथिनं सापडली पाहिजेत आणि कॅलनेक्सिन हे पेशीच्या आतलं प्रथिन जवळपास नसलं पाहिजे. ते दिसलं तर पेशींचा चुरा मिसळलाय. सोबत कणांची संख्या, आकार आणि निर्जंतुकतेचा अहवाल हवाच.

आता आपल्याकडचा मे महिना आठवा. हा माल साधारण उणे 80 अंशांवर साठवतात. गोठणं-वितळणं दोन-चारदा झालं की पुडकी फुटतात, चिकटतात. भुसावळच्या 45 अंशांत साध्या बर्फाच्या थर्माकोल डब्यातून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलेल्या गोठलेल्या कुपीवर माझा तरी भरवसा नाही. कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) होता का, तापमानाची नोंद आहे का, हे विचारायला लाजू नका.

शिरेतून सलाईनसारखं दिलं तर बराच माल यकृत-प्लीहेत अडकतो. जखमेपाशी दिलं तरी पाण्यासारखं निसटतं, म्हणून प्रयोगांत फायब्रिन (रक्ताची गुठळी बांधणारं प्रथिन) किंवा जेलमध्ये धरून ठेवतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2019 मध्ये अशा उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला होता. तिथल्या नेब्रास्का राज्यात ती घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. कुणी पैसे घेऊन ‘खात्रीचा इलाज’ म्हणत असेल तर चाचणीची नोंदणी आणि नीतिसमितीची मंजुरी मागा. चाचणीच्या औषधाचे पैसे रुग्णाने द्यायचे नसतात.

आणि पूर्ण तुटलेलं टेंडन कुठल्याही पुडक्याने सांधत नाही. झटका बसून हात वर जाईना, किंवा पोटरीत ‘कट्’ होऊन चवड्यावर उभं राहता येईना, तर आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर आणि सोनोग्राफी किंवा एमआरआय.

टाचेच्या वरचं टेंडन झिजून दुखत असेल, तुटलेलं नसेल, तर 1998 पासून वापरात असलेली स्वीडनच्या डॉक्टर आल्फ्रेडसनची व्यायामाची रीत फुकटची आहे. पायरीच्या कडेवर चवड्याने उभं राहून दुखऱ्या पायाची टाच हळूहळू खाली सोडायची आणि वर येताना चांगल्या पायाचा आधार घ्यायचा. गुडघा सरळ ठेवून 15 चे 3 फेरे, वाकवून 15 चे 3. दिवसातून दोनदा, 12 आठवडे. थोडं दुखणारच, चालणं अवघड होईल इतकं दुखलं तर थांबायचं. दुखेनासं झालं की पाठीवरच्या दप्तरात 5 किलो गहू भरायचे.