दोन किलो म्हणजे दोनच किलो

आमच्या गाळ्यात शिरलं की उजव्या हाताला एक जुना लोखंडी वजनकाटा दिसतो. आबांनी शिरोली एमआयडीसीत सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसचा, धंदा मांडला तेव्हाची ती पहिली खरेदी. टेबल-खुर्ची पुढच्या वर्षी आली. आबा म्हणायचे, "सीओटूचा धंदा डोळ्यांनी होत न्हाई, काट्यानं होतोय." त्याचा अर्थ मला पुरता कळायला बरीच वर्षं लागली.

आबांचं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः फाउंड्रीवाले. कोल्हापूर हे ओतकामाचं गाव. वाळूत सोडियम सिलिकेट कालवायचं, पेटीत दाबून कोअर, म्हणजे ओतिवात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा, करायचा आणि त्यात सीओटू सोडायचा. काही सेकंदांत वाळू दगडासारखी घट्ट होते. त्यासाठी भागातल्या फाउंड्रीत सिलिंडर पोचवायचे, शिवाय सोडावाले, वेल्डिंगवाले आणि आग विझवायच्या बाटल्या भरून घेणारे. गॅसही आमच्या साखरपट्ट्याचाच. मळीपासून स्पिरिट करताना आंबवणाच्या टाकीतून जो वायू निघतो, तो धरून, शुद्ध करून, दाबाखाली थंड केला की द्रव होतो. मी डिप्लोमा करून २००९ साली गाळ्यावर बसलो तेव्हा हा धंदा असाच चालत राहील असं वाटायचं.

२०१३च्या पावसाळ्यात आमचे एक वेल्डिंगवाले गिऱ्हाईक चिखलानं माखलेली जिप्सी घेऊन दारात उभे राहिले. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो. त्या दिवशी ते गगनबावड्याकडच्या एका मित्राच्या रानात गाडी घालून आले होते.

"आबा, ह्यो गॅस टायरात भरला तर चालंल काय?"

आबांनी मान हलवली, पण आधी विचारलं, "हवा काढतोस कशाला?"

दादांनी हातानं दाखवत समजावून सांगितलं. रस्त्यावर जिप्सीच्या टायरात २८ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास हवा असते. चिखलात, दगडांत किंवा वाळूत शिरताना ती निम्म्यावर आणली की टायर बसतो आणि जमिनीला लागणारा त्याचा पट्टा लांबट होतो. गाडीचं वजन जास्त जागेवर पसरतं, मग ती रुतत नाही, आणि दगडावर टायर आपटण्याऐवजी दगडाला मिठी मारतो. अडचण परतताना होते. तेवढ्याच हवेवर डांबरी रस्त्यानं वेगात गेलं तर टायरची बाजूची भिंत सारखी दुमडते, तापते आणि फाटते; वळणावर टायर रिममधून निसटूही शकतो. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, पण पंप ३०-४० किलोमीटर लांब. बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर एका टायरला पाच-सहा मिनिटं घेतो, आणि चार गाड्या एका कॉम्प्रेसरवर भरायच्या म्हणजे तो मधेच तापून बंद पडतो. घाटात अंधार पडलेला, पाऊस चालू, आणि सगळे एका यंत्राभोवती उभे.

आम्ही लगेच प्रयोग करून बघितला आणि तो सपशेल फसला. हाताशी दोन किलोची आग विझवायची बाटली होती, तिलाच वेल्डिंगचा रेग्युलेटर जोडला. वॉल्व्ह उघडताच पाइप काठीसारखा ताठ झाला, रेग्युलेटरवर पांढरा थर चढला आणि दहा-बारा सेकंदांत सगळं बंद. रेग्युलेटर खोलला तर आत चक्क बर्फाचा भुगा, कोरडा बर्फ. दोन चुका झाल्या होत्या. आग विझवायच्या बाटलीत आतून तळापर्यंत नळी असते, कारण तिथे द्रवच बाहेर फेकायचा असतो. आम्हाला वरचा वायू हवा होता आणि आम्ही द्रव ओढत होतो. दुसरी चूक रेग्युलेटरची. दाब उतरताना गॅस थंड पडतो म्हणून कारखान्यात त्याच्या आधी विजेवरचा हीटर बसवलेला असतो, रानात तो कुठून आणायचा?

पुढचे आठ महिने संध्याकाळी शटर खाली ओढून मी आणि आमचा फिटर हेच करत बसायचो. नळी नसलेला वॉल्व्ह घेतला. हीटर नसतानाही जास्त प्रवाह झेपेल असा, दाब आठ-नऊ बारवर (बार हे दाबाचं मोठं माप) बांधून ठेवणारा रेग्युलेटर शोधला. स्प्रिंगसारखा गुंडाळलेला पाइप, टायरच्या वॉल्व्हला पकडून बसणारं चिमट्याचं तोंड, आणि सिलिंडर उभाच राहावा म्हणून पट्ट्याचं लोखंडी बूड. बूड महत्त्वाचं आहे. सिलिंडर आडवा पडला की द्रव तोंडाशी येतो आणि पुन्हा तोच बर्फ. २०१४च्या जुलैत दादांच्या जिप्सीचे चारही टायर १४ वरून २८ पीएसआयवर गेले, टायरमागे अर्धं-पाऊण मिनिट. दादा भिजत उभे होते आणि मोठ्यानं हसत होते. तो आमचा पहिला किट. तो अजून त्यांच्याकडे आहे आणि त्याची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची तपासणी, दर ५ वर्षांनी आमच्याकडूनच होते.

हिशेब सांगतो, कारण प्रत्येक जण तोच पहिल्यांदा विचारतो. जिप्सीच्या एका टायरला सुमारे ९० ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे चार टायरांना साडेतीनशे ते चारशे. नव्या थारचे टायर मोठे, तिला साडेसहाशे-सातशे ग्रॅम धरा. दोन किलोच्या सिलिंडरवर चार जिप्सी आरामात उठतात, थार दोन नक्की. वर्षातून दोनदा एकट्यानं जाणाऱ्या माणसाला मी आजही सांगतो की चांगला कॉम्प्रेसर घ्या, तो भरून आणावा लागत नाही. आमचा किट घोळक्यानं जाणाऱ्यांसाठी, परतीची घाई असणाऱ्यांसाठी.

आता काट्याकडे येतो. सीओटूच्या सिलिंडरवरचं दाबाचं घड्याळ आत किती गॅस आहे ते सांगत नाही. हवेच्या किंवा ऑक्सिजनच्या सिलिंडरात गॅस संपत जाईल तसा घड्याळाचा काटा खाली येतो. सीओटू मात्र आत द्रव असतो. थोडा वायू काढला की थोडा द्रव उकळून त्याची जागा भरतो, त्यामुळे दाब तपमानावर ठरतो, उरलेल्या गॅसवर नाही. २० अंशांना ५७ बार. सिलिंडर भरलेला असो की तळाला पेलाभर द्रव उरलेला असो. द्रव संपला की मगच काटा झपाट्यानं पडतो.

हे मी पहिल्या गिऱ्हाइकांना नीट समजावलं नव्हतं. चार गाड्या घेऊन गेलेल्या एका गटाचा जैसलमेरजवळच्या सम इथून रात्री फोन आला. संध्याकाळी घड्याळात ६० बार दिसत होते म्हणून भरलेला समजून त्यांनी तोच सिलिंडर काढला; पहिल्या गाडीच्या तिसऱ्या टायरला तो संपला. वाळूतून निघून हमरस्त्यानं वीसच्या वेगात रांगत ते गावात पोचले. आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि तो मला जास्त लागला. त्या महिन्यापासून प्रत्येक किटसोबत आम्ही बॅग तोलायचा हुकाचा छोटा काटा देतो. सिलिंडरच्या मानेवर रिकामं वजन ठोकलेलं असतं. टांगा, वजा करा, उरतो तो गॅस. आमच्या सौभाग्यवतींनी हे मराठीत मोठ्या अक्षरांत कार्डावर लिहून दिलं आणि तेच कार्ड आजवर छापतो.

दुसरी गोष्ट सांगताना अजून अंगावर काटा येतो. सिलिंडर कधीच गळ्यापर्यंत भरायचा नसतो. तीन लिटरच्या सिलिंडरात दोन किलो, त्यावर नाही, कारण द्रव उन्हानं फुगतो. ३१ अंशांच्या वर तर सीओटू द्रव म्हणून राहतच नाही, सगळाच दाट वायू होतो आणि दाब भराभर चढतो. एका मे महिन्यात आमच्याकडच्या पोरानं नेहमीच्या गिऱ्हाइकाला प्रेमापोटी पाव किलो जादा भरून दिला. त्या घरचं लग्न होतं. गाडी कार्यालयाबाहेर उन्हात, काचा बंद, सिलिंडर मागच्या सीटच्या मागे. दुपारी दोनच्या सुमाराला वॉल्व्हवरची चकती फुटली. ती ठरावीक दाबाला फुटावी म्हणूनच बसवलेली असते, तिनं तिचं काम केलं, नाहीतर सिलिंडर गेला असता. पण सव्वादोन किलो गॅस म्हणजे बाराशे लिटरच्या आसपास वायू, तोही बंद गाडीत, जिच्यात सगळी मिळून तीन हजार लिटर हवा मावत असेल. तेवढ्या सीओटूत माणूस एक-दोन श्वासांत बेशुद्ध पडतो. गाडीत कोणी नव्हतं. दहा मिनिटांनी पोरं एसी लावून बसणार होती.

मी तिथे गेलो, दारं उघडून ठेवली, अर्धा तास कुणाला जवळ येऊ दिलं नाही. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचून राहतो. मग त्या घरच्या आजोबांच्या पाया पडलो. चूक पोराची म्हणून सोडता येत नव्हती, काटा आमचा होता.

तेव्हापासून भरलेला सिलिंडर दोन वेळा तोलला जातो, दुसऱ्यांदा दुसऱ्या माणसाकडून, आणि कार्डावर दोघांच्या सह्या होतात. दोन किलो म्हणजे दोनच किलो. उन्हात गाडी लावायची तर सिलिंडर काढून सावलीत ठेवा हे प्रत्येकाला तोंडानं सांगतो, नुसतं कार्डावर सोडत नाही.

काही जण भंगारातली आग विझवायची बाटली रंगवून आणतात, मानेवरचा शिक्का घासून काढलेला. टेस्टची तारीख दिसत नाही तो सिलिंडर आम्ही भरत नाही. गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे तो भरणं गुन्हा आहे, आणि नियम नसता तरी मी भरला नसता. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. आमच्या परवान्याचे कागद तिकडे गेले तेव्हा एकेक शेरा वाचून पुन्हा नकाशे काढावे लागले. त्रास झाला, पण गाळ्याची हवा खेळती ठेवायला खालून जाळ्या हव्यात हे मला त्या शेऱ्यांनीच शिकवलं.

एक बारीक गोष्ट गिऱ्हाइकांनीच आमच्या ध्यानात आणली. सीओटू भरलेला टायर आठ-दहा दिवसांत थोडा बसतो. पंक्चर नसतं. हा वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो. घरी पोचल्यावर, सवड मिळेल तेव्हा, तो सोडून पंपावरची हवा भरावी.

२०२०च्या ऑक्टोबरात नवी थार आली आणि आमच्या फोनचा सूर बदलला. आधी महिन्याला दोन-तीन किट जायचे, आता आठवड्याला तेवढे जाऊ लागले. पुणे, नाशिक, पणजी, बेंगळुरू. भरलेला सिलिंडर कुरिअरनं पाठवता येत नाही, तेव्हा आम्ही रिकामाच धाडतो आणि तिथल्या परवानाधारक भरणाऱ्याला फोन करून सांगतो की किती भरायचं. नवीन लोक आले तशा नवीन खोडीही आल्या. कुणी विचारतं, कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत खेळायला किती पीएसआय ठेवू? मी त्यांना सांगतो की तिथे गाडी घालूच नका. त्या वाळूत कासवांची अंडी असतात, आणि भरती आली की गाडीही जाते. सड्यांचंही, म्हणजे कोकणातल्या खडकाळ पठारांचंही, तेच. पावसाळ्यात जांभ्यावरच्या बोटभर मातीत फुलं येतात, एका चाकोरीत ती वर्षानुवर्षांसाठी मरतात. शेतमालकाची परवानगी घेऊन चिखल तुडवा, हवं तेवढा तुडवा. यात दोन-चार ऑर्डरी गेल्या. आबांना सांगितलं तेव्हा ते "बरं केलंस" एवढंच म्हणाले.

आबा आता रोज येत नाहीत. आले की काट्याजवळच्या स्टुलावर बसतात आणि पारडं फडक्यानं पुसतात.

यंदा नाशिकच्या एका जोडप्याचा फोन आला. हिवाळ्यात हिमाचलातल्या स्पितीला निघालेत, त्या थंडीत हा सिलिंडर चालेल का? शून्य अंशाला सीओटूचा दाब ३५ बारवर येतो, उणे वीसला वीसच्या खाली, हे पुस्तकातलं मला माहीत होतं. पण त्यांच्या चार टायरांना ते पुरेल की नाही हे पुस्तकात नाही. म्हणून शेजारच्या आइस्क्रीमवाल्यांच्या डीप फ्रीजरमध्ये भरलेला सिलिंडर रात्रभर उणे अठराला ठेवला. पहाटे पाचला मी, फिटर आणि दादा जिप्सी घेऊन हजर. घड्याळात २१ बार. पहिला टायर सव्वा मिनिटात, दुसरा दीड. तिसऱ्याला रेग्युलेटरवर जाड बर्फ धरला आणि घड्याळ १५ वर उतरलं; गॅस काढला की उकळणारा द्रव आणखी थंड पडतो. चौथ्याला थांबत थांबत भरावं लागलं. म्हणून त्यांना दोन सिलिंडर घ्यायला सांगितले, एक टायर याच्यावर, पुढचा त्याच्यावर, आणि झोपायच्या जागी दोन्हीपैकी एकही ठेवायचा नाही.

ते परवा येऊन किट घेऊन गेले. भरायचे आहेत शिमल्याला. वाटेत लागणाऱ्या भरणाऱ्याचं नाव-पत्ता मी कार्डामागे लिहून दिलाय, आणि त्याच्याशी फोनवर बोलूनही ठेवलंय: तीन लिटरचे आहेत भाऊ, दोनच किलो.