साडेतेवीस नॉटला अडकलेली बोट

वेगाच्या चाचणीत इंजिनं मिनिटाला २,३०० फेऱ्यांना पोचतच नव्हती, २,१२० वरच धापा टाकत होती. एक्झॉस्टचं तापमान मर्यादेला टेकलेलं, धूर काळा, पिछाडी पाण्यात बसलेली आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, चार अंश वर. वेग २३.५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). करारात २७ होता. उलट दिशेची धावही घेतली, कारण वारा आणि प्रवाह वजा करायला सरासरीच लागते. ती भरली २३.४.

बोट ३२ मीटरची, ॲल्युमिनियमची. याच तळाच्या, म्हणजे बुडाची घडण हीच असलेल्या, दोन गस्ती नौका आमच्या यार्डाने आधी दिल्या होत्या आणि दोन्ही २८ च्या वर पळाल्या होत्या. ही तिसरी मात्र एका हौशी मालकाची यॉट. इंजिनं तीच, प्रोपेलर तेच. तरी इंजिनवाल्यांनी प्रोपेलरकडे बोट दाखवलं आणि प्रोपेलरवाल्यांनी इंजिनाकडे. खलाशांचा मुकादम, सारंग, तेवढा म्हणाला, "सायबा, खालसून पाणी वढता." डिझाइनवाल्यांपैकी कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

बरोबर तोच होता. चाचणी पंधरा मीटर पाण्यात चालली होती, कारण लांब जायला डिझेल आणि दिवस दोन्ही जातात. उथळ पाण्यात लाटेला वेगाची हद्द असते, ९.८१ गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ. पंधरा मीटरला ती येते १२.१ मीटर प्रति सेकंद, म्हणजे २३.६ नॉट. बोट स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकली होती. पस्तीस मीटरच्या पुढे नेली तेव्हा २४.८ मिळाले. गस्ती नौकांच्या चाचण्यांना नौदलाचा माणूस खोलीचा आकडा पाहिल्याशिवाय घड्याळ सुरू करू देत नसे. तेव्हा आम्ही त्याला किचकट म्हणायचो.

उरलेले दोन नॉट वजनाने खाल्ले होते. धक्क्याला आणून ड्राफ्टच्या (बोट किती बुडाली ते दाखवणाऱ्या) खुणा वाचल्या, हायड्रोमीटरने पाण्याची घनता घेतली (नदीच्या मुखाशी ही चुकवली की आकडा हमखास फसवतो), तर बोट सहा सेंटीमीटर जास्त बुडालेली. या आकाराला सेंटीमीटरमागे दीड टन धरा. नऊ टन जादा.

यॉट आणि युद्धनौका एकाच यार्डात बांधणारे आम्ही पहिले नव्हेत. ब्रेमेनजवळ वेझरकाठी १८७५ मध्ये सुरू झालेल्या ल्युर्सनने हे फार आधी केलं, पण उलट्या दिशेने. १९२७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कचे बँकर ओटो कान यांच्यासाठी 'ओहेका-२' बांधली. लांबी २२.५ मीटर, मायबाखची तीन इंजिनं प्रत्येकी ५५० अश्वशक्तीची, वेग ३४ नॉट. महोगनीच्या फळ्या, हलक्या धातूच्या बरगड्या, गोल बुडाचा तळ. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने हात बांधलेल्या जर्मन नौदलाला वेगवान टॉर्पेडो बोट हवी होती. त्यांनी तोच तळ निवडला आणि १९३० मध्ये सुमारे २७ मीटरची 'एस-१' नौदलात आली. टॉर्पेडो वाढले तसे वजन वाढलं, म्हणून लांबीही वाढवली आणि इंजिनंही मोठी घातली. त्या मालिकेतल्या पुढच्या बोटींना मधल्या सुकाणूच्या दोन्ही बाजूंना छोटी सुकाणू दिली. ती ३० अंशांपर्यंत बाहेर वळवली की प्रोपेलरमागे हवेची पोकळी तयार होई, पिछाडीची लाट उतरे आणि बोट जवळजवळ आडवी पळे. बांधणारे आधी वजन मोजत आणि मग इंजिन निवडत, असं त्या आकड्यांवरून तरी दिसतं. आमच्याकडे इंजिन आधीच ठरलेलं आणि वजन रोज वाढणारं.

नऊ टनांतले साडेतीन टन संगमरवराचे. वीस मिलीमीटरची लादी चौरस मीटरला ५४ किलो भरते. मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ ॲल्युमिनियम हनिकोंबवर चिकटवलेली चार-पाच मिलीमीटरची पातळ लादी दिसायला तशीच असते, पण मालकांना पायाखाली "थंड, भरीव" हवं होतं. दुसरा जनरेटर आणि त्याची आवाजबंद पेटी यांचे दीड टन. ध्वनिरोधक थर, फर्निचर आणि जेट-स्की उचलायची क्रेन मिळून तीन. बाकी एक टन पुट्टीचा, आणि तो मला सगळ्यात जास्त बोचतो. पाच मिलीमीटरची पत्र्याची कातडी वेल्डिंगच्या उष्णतेने फ्रेम्सच्या मध्ये आत ओढली जाते आणि बाहेरून बरगड्या दिसू लागतात. गस्ती नौकेवर त्या बरगड्या कुणी मोजत नाही, राखाडी रंग मारला की झालं. यॉटला आरशासारखा चकाकणारा काळा रंग हवा. त्या रंगात दोन मिलीमीटरचा खळगाही ओरडतो, मग पुट्टी, घासणी, पुन्हा पुट्टी. वेल्डिंगचा क्रम पाळला असता तर निम्मी वाचली असती. तारीख गाठायची म्हणून तो मोडला होता.

शेवटी ट्रान्समखाली, म्हणजे पिछाडीच्या सपाट भिंतीखाली, सात अंशांची पाचर वेल्ड केली. पिछाडी थोडी उचलली, नाळ अडीच अंशांवर आली आणि वेग २५.६ झाला. संगमरवर काढायला मालक तयार झाले नाहीत, उरलेल्या फरकाचा दंड यार्डाने भरला.

दंडाच्या बैठकीनंतर वजनाची वही मागवली. गस्ती नौकांच्या दोन्ही वह्या शेवटच्या बिजागरीपर्यंत भरलेल्या आहेत, कारण गेटवरच्या काट्याची चिठ्ठी जोडल्याशिवाय पेटी बोटीवर चढतच नसे. यॉटच्या वहीत मार्चपर्यंत किलो आहेत. एप्रिलपासून त्या रकान्यात "मालकांच्या सांगण्यावरून" लिहिलंय, आणि पुढच्या काही नोंदींखाली सही माझी आहे.